टीकेचा विसरलेला अर्थ : घडती भाषा आणि साहित्याचे अध्यापन

१

'टीका' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो. संस्कृत परंपरेतून आलेला त्याचा अर्थ ग्रंथाचे विवरण असा आहे. 'भावार्थदीपिका' ही गीतेवरील टीका होय, असे म्हणताना हाच अर्थ अभिप्रेत असतो. दैनंदिन व्यवहारात मात्र 'टीका करणे' म्हणजे दोष दाखविणे, ठपका ठेवणे. आधुनिक साहित्यविचाराने या दुसऱ्या अर्थाचा संसर्ग टाळण्यासाठी 'समीक्षा' हा शब्द जवळ केला. तथापि त्याबरोबर पहिला अर्थही हातातून निसटला. ग्रंथ आणि त्या ग्रंथाच्या भाषेपर्यंत अद्याप न पोचलेला वाचक यांच्यामध्ये उभे राहून करावयाचे काम समीक्षेचे आहे, ही जाणीव क्षीण झाली. ते काम अध्यापनशास्त्राकडे सोपविण्यात आले आणि अध्यापनशास्त्राने ते परीक्षापद्धतीकडे सोपविले.

ज्याची भाषा अजून घडते आहे असा विद्यार्थी मराठीच्या वर्गात अपवादाने आढळतो, असे मानण्याची प्रथा आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी घरातून आलेल्या मुलाची घरची भाषा मराठीच्या कुळातलीही नसते. कोरकू ऑस्ट्रो-आशियाई आणि गोंडी द्राविडी कुळातली आहे. त्याच्यासाठी पहिल्या इयत्तेतील 'मातृभाषा' हा विषय प्रत्यक्षात दुसऱ्या भाषेचा असतो. अहिराणी वा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाची अडचण याहून वेगळी आणि एका अर्थी अधिक फसवी असते. त्याची बोली प्रमाणभाषेच्या इतकी निकट असते की तिच्यातील फरक हा फरक म्हणून ओळखला न जाता निष्काळजीपणा म्हणून नोंदवला जातो. तिसरा विद्यार्थी महाविद्यालयात भेटतो. तो प्रमाण मराठी सहज बोलतो. परंतु 'आशय', 'अभिव्यक्ती', 'प्रतिमासृष्टी' या शब्दांनी बोलली जाणारी भाषा त्याच्या घरात कोणी बोललेले नसते. संभाषणातील प्रावीण्य आणि विद्याव्यवहारातील भाषिक प्रावीण्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला, तो स्थलांतरितांच्या मुलांच्या संदर्भात. मराठीच्या पदवी वर्गाला तो तितकाच लागू पडतो.

या तिन्ही विद्यार्थ्यांना शिक्षणव्यवस्था दोन प्रकारे प्रतिसाद देते. एक तर त्यांच्यापुढची संहिता सोपी केली जाते, नाही तर त्यांची भाषा दुरुस्त केली जाते. हे प्रतिसाद वरकरणी परस्परविरोधी आहेत. पहिला कनवाळू वाटतो, दुसरा कठोर. परंतु दोहोंत एक गोष्ट समान आहे. पहिल्यात विद्यार्थ्याने संहिता वाचण्याचा प्रसंग टळतो आणि दुसऱ्यात शिक्षकाने विद्यार्थ्याचे लेखन वाचण्याचा. वाचन टाळण्याचे हे दोन मार्ग आहेत, आणि म्हणूनच हा प्रश्न मुळात साहित्यसमीक्षेच्या कक्षेतला आहे.

२

प्रथम सोपे करण्याचा विचार करू. पाठ्यपुस्तकासाठी एखादा उतारा निवडताना त्यातील अपरिचित शब्द बदलणे, लांब वाक्ये तोडणे, आडवळणाचे संदर्भ गाळणे हे सर्रास घडते. पुढच्या पायरीवर गाइडमधील सारांश येतो आणि त्यापुढच्या पायरीवर 'अपेक्षित उत्तरे' येतात. पदवी स्तरावर कादंबरी नेमलेली असते. विद्यार्थी कादंबरीचे कथानक वाचतो. या साखळीची दिशा एकच आहे : संहिता उत्तरोत्तर लहान होत जाते. ज्याची भाषा कमी आहे त्याला मजकूरही कमी द्यावा, असा एक अलिखित हिशेब त्यामागे असतो.

मराठी वाङ्मयाचा आरंभकाळ या हिशेबाच्या नेमका उलट आहे. संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्यांसाठी गीतार्थ सांगावयाचा होता. गीतेचे श्लोक सातशे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार आहेत. ज्यांना मूळ भाषा येत नव्हती त्यांच्यासाठी ग्रंथ बारा-तेरा पटींनी वाढला. ही वाढ पाल्हाळाची नव्हे. एका संकल्पनेसाठी दृष्टान्तामागून दृष्टान्त येतात. ज्या श्रोत्याला समुद्राची उपमा परकी वाटेल त्याला शेताची सापडते, आणि जिथे दोन्ही पोचतात तिथे त्या दोहोंमधील अंतरातून संकल्पनेची आकृती स्पष्ट होते. मूळ अवघड शब्द बहुधा गाळला जात नाही. तो राहतो आणि त्याच्याभोवती परिचित शब्दांची वस्ती उभी राहते. त्या वस्तीत वावरता वावरता श्रोता त्या शब्दाचा रहिवासी होतो.

महानुभाव परंपरेतील प्रसंगही याच संदर्भात पाहता येतो. केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. कारण त्यामुळे पंथातील म्हाताऱ्या बायका वंचित होतील, असे 'स्मृतिस्थळ' सांगते. मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग नेहमी उद्धृत होतो. प्रत्यक्षात तेथे अभिमानाचा प्रश्न गौण आहे. ज्ञानव्यवहाराची भाषा कोणती असावी याचा निर्णय तेथे त्या व्यवहारातील सर्वांत कमी अक्षरओळख असलेल्या श्रोत्याकडे पाहून घेतला जातो, आणि तसे करताना आशयात काटछाट केली जात नाही. सूत्रांचे गांभीर्य तेच राहते. बदलते ती भाषेची जबाबदारी.

आधुनिक भाषाध्ययनशास्त्र या भेदापर्यंत स्वतंत्र मार्गाने आले. यानो, लाँग आणि रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी शिकणाऱ्या जपानी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एकच मजकूर तीन रूपांत दिला होता : मूळ, सुलभीकृत आणि विस्तारित. विस्तारित रूपात अवघड शब्द तसेच ठेवून त्यांना पर्याय, स्पष्टीकरण आणि पुनरुक्तीची जोड दिलेली होती. सुलभीकृत मजकूर वाचणाऱ्यांचे आकलन सर्वाधिक भरले; परंतु विस्तारित मजकूर वाचणाऱ्यांहून ते लक्षणीय म्हणावे इतके अधिक नव्हते. म्हणजे मूळची भाषा जवळपास शाबूत ठेवूनही आकलन साधता येते. सुलभीकृत मजकुरातून विद्यार्थ्याला आशय मिळतो, पण पुढचा मजकूर वाचण्यासाठी लागणारी भाषा मिळत नाही; कारण तीच तर काढून टाकलेली असते.

या ठिकाणी 'परांची'च्या रूपकाचा विचार करणे उचित होईल. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी १९७६ मध्ये शिकणाऱ्याला मिळणाऱ्या तात्पुरत्या साहाय्याला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली, आणि व्हिगॉट्स्कीच्या निकट-विकासाच्या क्षेत्राशी ती पुढे कायमची जोडली गेली. मूल एकट्याने जे करू शकत नाही ते जाणत्याच्या सोबतीने करू शकते. सोबत हळूहळू काढून घ्यावयाची असते. हे रूपक उपयुक्त असले तरी त्याची एक मर्यादा आहे. परांची इमारतीत काहीही बदल करीत नाही. इमारतीचा नकाशा आधीच ठरलेला असतो आणि काम संपताच बांबू उतरविले जातात. टीकेचे तसे नाही. श्रोत्यासाठी उभारलेला आधार स्वतःच वाङ्मय झाला. ज्या भाषेत तो उभारला ती भाषा त्यामुळे तत्त्वविचाराला समर्थ झाली. शिकणाऱ्याला दिलेला आधार शिकविणाऱ्याच्या भाषेलाही घडवितो, ही गोष्ट परांचीच्या रूपकात मावत नाही.

अर्थात या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्या व्यवहारात श्रोता मुख्यतः श्रोताच होता. त्याला लिहावयाचे नव्हते, उत्तर द्यावयाचे नव्हते. आजच्या विद्यार्थ्याला मात्र लिहावे लागते, आणि लिहिताच तो दुसऱ्या प्रतिसादाच्या, म्हणजे दुरुस्तीच्या, तावडीत सापडतो.

३

सोलापूर, लातूर, नांदेड या भागांतील एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीत 'मी अभ्यास केलो' असे वाक्य आढळते. शिक्षक 'केलो'खाली लाल रेघ ओढून वर 'केला' लिहितो. दुरुस्ती बिनचूक आहे. पण वाक्य वाचले गेलेले नाही.

ते वाचले तर पुढील गोष्टी दिसतात. प्रमाण मराठीत 'मी गेलो' आणि 'मी अभ्यास केला' या दोन वाक्यांतील 'मी' रूपाने एकच आहे. तृतीय पुरुषात 'तो गेला' आणि 'त्याने केला' असा भेद दिसतो. प्रथम व द्वितीय पुरुषी सर्वनामांत तो दिसत नाही. म्हणजे दुसऱ्या वाक्यात कर्ता तृतीयेत असून क्रियापद कर्माप्रमाणे चालते, याची कोणतीही खूण 'मी' या रूपावर नाही. शिवाय 'मी धडा शिकलो', 'मी ते विसरलो' अशी सकर्मक असूनही कर्त्याप्रमाणे चालणारी वाक्ये प्रमाणभाषेतच आहेत. कन्नड व तेलुगू यांच्या शेजारी शतकानुशतके वावरलेल्या बोलींनी हा पेच सोडवून टाकला आहे : भूतकाळी क्रियापद सर्वत्र कर्त्याप्रमाणे चालवावे. 'केलो' हे रूप या नियमाचे फलित होय. विद्यार्थ्याला व्याकरण येत नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्याला एक व्याकरण येते, आणि ज्या व्याकरणाची अपेक्षा आहे त्याहून ते अधिक एकसूत्री आहे.

याहून उद्बोधक उदाहरण 'जीवण' या लेखनाचे. ज्या बोलींत 'ण' नाही, तेथील मूल 'पानी', 'लोनी' लिहिते आणि त्याला वारंवार 'ण' लिहावयास सांगितले जाते. काही काळाने ते 'मण', 'जीवण' असे लिहू लागते. ही अतिशुद्धी आहे. शिक्षकाला ती आधीच्या चुकीत पडलेली भर वाटते; वस्तुतः ती वाटचालीची खूण असते. प्रमाणभाषेत आपल्या कानाला न जाणवणारा एक भेद आहे, हे त्या मुलाने ओळखले आहे आणि तो कुठे लागू होतो याबद्दल एक तर्क बांधला आहे. तर्क चुकला, तर्क करण्याची क्रिया मात्र योग्य दिशेने झाली. एस. पी. कॉर्डर यांनी १९६७ मध्ये शिकणाऱ्यांच्या चुकांचे महत्त्व प्रतिपादन केले ते याच कारणाने, आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये मांडलेली 'अंतरभाषा' ही संकल्पनाही हेच सांगते. शिकणाऱ्याची भाषा ही पूर्ण भाषेची मोडकी प्रत नसून तिला स्वतःची व्यवस्था असते, आणि ती व्यवस्था दर टप्प्यावर बदलते.

हे दोन्ही दाखले एकाच पारड्यात टाकता येत नाहीत, हेही लक्षात घ्यावयास हवे. 'केलो' हे एका भाषिक समाजाचे स्थिर रूप आहे. 'जीवण' हे एका व्यक्तीच्या प्रवासातील तात्पुरते रूप. लाल शाईला हा भेद कळत नाही. विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय मुलांच्या इंग्रजीचा अभ्यास करून त्या बोलीतील तर्कशुद्धता दाखवून दिली, ती भाषिक उणिवेच्या सिद्धान्ताला उत्तर म्हणून. हे उत्तर निर्णायक असले तरी त्यातून सगळेच प्रश्न सुटत नाहीत. बोलीला व्यवस्था आहे हे मान्य केल्यावरही त्या मुलाच्या पुढ्यात प्रमाणभाषेतील कोरा कागद उरतोच.

या टप्प्यावर मिना शॉनेसी यांचे कार्य साहित्याच्या अभ्यासकाला विशेष जवळचे वाटावे. न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने १९७० मध्ये खुल्या प्रवेशाचे धोरण स्वीकारले आणि ज्यांच्या लेखनाला तोवर विद्यापीठाने दार बंद ठेवले होते असे हजारो विद्यार्थी वर्गात आले. शॉनेसी यांनी सिटी कॉलेजातील सुमारे चार हजार प्रवेश-निबंध वाचले आणि १९७७ मध्ये 'एरर्स अँड एक्सपेक्टेशन्स' हा ग्रंथ सिद्ध केला. मिल्टनच्या अभ्यासातून आलेली ही विदुषी त्या निबंधांतील तुटक वाक्यांना कवितेच्या ओळींइतक्याच सूक्ष्मतेने सामोरी गेली. हे वाक्य येथेच का मोडले, लेखकाला काय म्हणावयाचे होते आणि कोणत्या अपेक्षेच्या दबावाखाली ते वाकडे झाले, हे प्रश्न तिने विचारले. पुढे मिन-झान लू यांनी १९९१ मध्ये शॉनेसींच्या भूमिकेवर घेतलेला आक्षेपही तितकाच महत्त्वाचा आहे. अर्थ आधीच तयार असतो आणि भाषा त्याला केवळ वाहून नेते, असे शॉनेसी गृहीत धरतात. परंतु नव्या भाषेत शिरताना विद्यार्थ्याचा अर्थच बदलतो, दोन जगांचा संघर्ष त्याच्या वाक्यात उमटतो, हे लू यांचे म्हणणे. आजीच्या ओव्यांबद्दल 'लोकसाहित्याचा एक प्रकार' असे लिहावे लागणाऱ्या विद्यार्थ्याच्या अडखळण्यात व्याकरणापलीकडचे काहीतरी अडलेले असते, हे मराठीच्या अध्यापकाला वेगळे सांगावयास नको.

'शुद्ध' या शब्दालाही एक जुना अर्थ आहे. शके १५०६ मध्ये, इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांच्यापुढे अनेक अपपाठ होते. त्यांचे शुद्धीकरण म्हणजे मूळ कर्त्याने काय म्हटले असावे याचा शोध. पाठचिकित्सक अपपाठाकडे तुच्छतेने पाहत नाही. तो कसा निर्माण झाला हे समजले की मूळ पाठाकडे जाण्याची वाट सापडते, हे त्याला ठाऊक असते. याउलट शालेय 'शुद्धलेखन' बाहेरून ठरलेल्या रूपाशी ताडून पाहते, आणि हे रूपही अढळ नसते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ ची त्यांतील भर यांमुळे पूर्वीचे शुद्ध 'कवि' अशुद्ध ठरले आणि 'नांव'वरील अनुस्वार गेला. आदल्या पिढीतील विद्वानांची हस्तलिखिते आज दहावीच्या उत्तरपत्रिकेसारखी तपासली तर लाल रेघांनी भरून जातील. नियम नसावेत असा याचा अर्थ नाही. नियम हा संकेत आहे, तो शिकविता येतो. त्याला बुद्धीची वा संस्कृतीची परीक्षा मानले की शिकविणे थांबते आणि निवाडा सुरू होतो.

४

विद्यार्थ्याचे वाक्य आणि लेखकाचे वाक्य एकाच दृष्टीने वाचणे म्हणजे प्रत्यक्षात काय, याचा एक विलक्षण नमुना मिखाईल बाख्तिन यांनी ठेवला आहे. मराठी समीक्षेत बाख्तिन परिचित आहेत ते बहुस्वरता आणि कार्निव्हल या संकल्पनांमुळे. ते शाळेत शिकवीत होते, ही गोष्ट मात्र क्वचितच विचारात घेतली जाते. १९४५ च्या वसंतात त्यांनी माध्यमिक शाळेतील रशियन भाषेच्या अध्यापनात शैलीविचाराचे स्थान या विषयावर एक टिपण लिहिले. ते रशियनमध्ये १९९४ मध्ये आणि इंग्रजीत २००४ मध्ये प्रकाशात आले.

त्यातील निरीक्षण असे : वरच्या वर्गांत येताच मुलांची भाषा बिघडते, आणि बिघडते ती चुकांनी नव्हे. ती अधिक बिनचूक आणि अधिक निर्जीव होते, पुस्तकी होते. या बदलाचे एक लक्षण बाख्तिन नेमके टिपतात. बोलताना मुले उभयान्वयी अव्ययाविना जोडलेली वाक्ये सहज वापरतात. निबंधात ती जवळपास नाहीशी होतात. यावर ते व्याकरणाचा पाठ देत नाहीत. पुश्किन आणि गोगोल यांची काही वाक्ये घेऊन ती वर्गात मोठ्याने, हावभावांसह वाचतात. पुश्किनच्या एका वाक्यात एकाचे हसणे आणि त्याच्या भोवतालच्या साऱ्यांचे खदखदणे ही दोन क्रियापदे मध्ये काही न घालता शेजारी ठेवलेली आहेत. मुलांना तेथे 'जेव्हा-तेव्हा' घालून पाहावयास सांगितले जाते. व्याकरणदृष्ट्या काही बिघडत नाही, पण जे घडत होते ते आता केवळ कळविले जाते. हुकमी माणसाच्या हसण्यासरशी सगळ्यांनी हसण्याची ती लाचार तत्परता 'जेव्हा' या शब्दात विरघळून जाते.

हा प्रयोग मराठीत कोणत्याही वर्गात करून पाहता येण्याजोगा आहे. 'पाऊस लांबला, विहीर आटली' आणि 'पाऊस लांबल्यामुळे विहीर आटली' ही दोन वाक्ये घ्यावीत. दुसऱ्यात कारण आणि परिणाम यांची बेरीज लेखकाने करून दिली आहे. पहिल्यात ती ऐकणाऱ्याला करावी लागते, आणि दोन क्रियापदांमधील स्वल्पविरामात ती करण्याइतका वेळ त्याला मिळतो. त्या वेळात पावसाची वाट पाहणे येते. जात्यावरच्या ओवीची चाल, म्हणीची बांधणी, गावातील वृद्धांचे बोलणे हे सगळे या पहिल्या रचनेचे आप्त आहेत. विद्यार्थी ही रचना घरून घेऊन येतो, आणि 'सविस्तर उत्तरे लिहा' या आदेशाखाली ती 'त्यामुळे', 'म्हणून', 'असे दिसून येते' यांत बुडवितो. त्याने दुसरी रचना शिकू नये असे नाही. विवेचनाला ती हवीच. पण ज्याला दोन रचनांमधील अर्थभेद ऐकू येतो त्याने भाषा शिकली, आणि ज्याला केवळ दुसरीच योग्य असे बजावण्यात आले त्याने भीती शिकली.

'कादंबरीतील वाणी' या निबंधातही बाख्तिन शाळेकडे वळतात. परक्याचे शब्द आत्मसात करण्याच्या दोन रीती शाळा जाणते, असे ते नोंदवितात : पाठांतर आणि स्वतःच्या शब्दांत सांगणे. पहिलीत अधिकारवाणी अखंड राहते, तिला धक्का लावता येत नाही. दुसरीत परके शब्द अर्धे आपले होतात. मराठी प्रश्नपत्रिकेत 'तुमच्या शब्दांत लिहा' ही सूचना वर्षानुवर्षे छापली जाते. 'तुमचे शब्द' कोणते, हा प्रश्न मात्र त्या सूचनेने कधी विचारलेला नाही.

५

महामंडळाच्या नियमांनी बोलीतील रूपांना एक जागा दिली होती : ती पात्राच्या तोंडी असावीत. ही सवलत वरवर उदार आहे. पण तिच्यात एक सीमारेषा आखलेली दिसते. बोली अवतरणचिन्हांत बोलू शकते. कथन करणे, विचार करणे, निष्कर्ष काढणे हे प्रमाणभाषेचे काम. साठोत्तरी मराठी साहित्याने ही रेषा पुसली. आनंद यादव यांची 'गोतावळा' (१९७१) आरंभापासून अखेरपर्यंत नारबाच्या बोलीत निवेदित होते. तेथे बोली हीच विचार करण्याची भाषा आहे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'मध्ये (१९८०) कैकाडी भाषेतील शब्द येतात आणि मराठी वाचकालाच थबकावे लागते.

या प्रक्रियेतील सर्वांत बोलका प्रसंग 'गोलपिठा'चा (१९७२) होय. नामदेव ढसाळ यांच्या या संग्रहाला विजय तेंडुलकर यांनी प्रस्तावना लिहिली. मराठी रंगभूमीच्या भाषेवर ज्यांची विलक्षण पकड होती असे तेंडुलकर त्या प्रस्तावनेत आपल्याला कळले नाहीत अशा शब्दांची आणि ओळींची कबुली देतात, कवीकडून ती समजून घेतात, त्या वस्तीतून हिंडून येतात. येथे ज्याची भाषा अजून घडावयाची आहे असा शिकणारा कोण, हे उघड आहे. आणि त्या शिकणाऱ्याला कोणता आधार मिळाला हेही पाहण्यासारखे आहे. कवितेचा सोपा पाठ कोणी तयार केला नाही. शब्द तसेच राहिले. त्यांच्याभोवती प्रश्न, स्पष्टीकरण आणि प्रत्यक्ष पाहणे यांचा विस्तार झाला. 'गोलपिठा'ची प्रस्तावना ही जुन्या अर्थाने टीका आहे.

याच कवितेपुढे गोंधळलेला वाचक प्रतिष्ठित असला की 'कविता दुर्बोध आहे' असे म्हटले जाते आणि समीक्षा स्पष्टीकरणास सरसावते. तोच गोंधळ केशवसुत वाचताना मेळघाटातील विद्यार्थ्याचा झाला की 'विद्यार्थी कच्चा आहे' असे म्हटले जाते. न कळण्याची घटना एकच आहे. तिचे उत्तरदायित्व कोणाकडे द्यावयाचे हे मात्र वाचकाच्या सामाजिक स्थानावरून ठरते. दुर्बोधतेची मराठीतील चर्चा या असमानतेकडे क्वचितच वळली आहे.

६

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप संभवतो. चुका समजून घेण्याच्या नादात विद्यार्थ्याला प्रमाणभाषेपासून वंचित ठेवले जाईल. जे प्रस्थापित आहेत त्यांची मुले ती घरीच शिकतील आणि इतरांच्या वाट्याला केवळ सहानुभूती येईल. अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ लिसा डेल्पिट यांनी १९८८ मध्ये उदारमतवादी अध्यापनपद्धतींवर नेमका हा आक्षेप घेतला होता. सत्तेच्या व्यवहाराचे काही संकेत असतात, ज्यांना ते घरून मिळत नाहीत त्यांना ते स्पष्टपणे शिकवावे लागतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मराठीपुरता हा आक्षेप अधिकच खरा आहे. शिक्षणासाठी ज्यांनी मार खाल्ला त्या पिढ्यांची मागणी पूर्ण भाषेची होती. सवलतीच्या भाषेची नव्हती.

हा आक्षेप येथे मांडलेल्या भूमिकेला छेद देत नाही, तिची कसोटी ठरवितो. 'मी अभ्यास केलो' या वाक्यातील व्यवस्था ज्याने वाचली तोच शिक्षक 'केला' का म्हणावयाचे हे समजावून देऊ शकतो. कारण 'मी' या रूपाखाली दडलेली तृतीया त्यालाच दाखविता येते. नुसती रेघ ओढणारा नियम सांगत नाही, फक्त नापसंती सांगतो. संकेत स्पष्ट करण्यासाठीच वाचनाची आवश्यकता आहे. म्हणून कोणत्याही आधाराला एकच प्रश्न विचारता येईल : तो विद्यार्थ्याला मूळ संहितेकडे नेतो की तिच्यापासून सोडवितो? सारांश सोडवितो. ज्या टिपेमुळे अवघड ओळ दुसऱ्यांदा वाचावीशी वाटते ती टीप नेते. मूळ न वाचताही ज्याच्या बळावर उत्तीर्ण होता येते, तो आधार या कसोटीवर टिकत नाही, मग तो कितीही कनवाळूपणे दिलेला असो.

ही कसोटी समीक्षेने स्वतःच्या भाषेलाही लावणे अपरिहार्य आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी 'सदर कादंबरीतून मानवी अस्तित्वाचा शोध घेतला आहे' असे वाक्य लिहितो तेव्हा ते बहुधा कोणत्या तरी समीक्षालेखातून उचललेले असते. त्यात व्याकरणाची चूक नसते, म्हणून त्याखाली रेघ पडत नाही, आणि गुणही मिळतात. वास्तविक 'केलो' लिहिणाऱ्याने निदान अभ्यास केला होता. संज्ञांची उसनवारी हे विद्याव्यवहारातील पाठांतर आहे, आणि ते शिकविले आहे ते समीक्षेनेच. एखादी संज्ञा वापरताना तिच्याभोवती परिचित शब्दांची वस्ती उभारण्याचे कष्ट न घेणारी समीक्षा ज्ञानेश्वरीचा गौरव करते, परंतु तिची रीत मात्र गीतेच्या पंडिती भाष्यकारांची असते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या दाव्याच्या केंद्रस्थानी जे प्राचीन ग्रंथ आहेत त्यांतील कित्येक ग्रंथ, ज्यांना ज्ञानाची भाषा येत नव्हती अशा माणसांकडे तोंड करून निर्माण झालेले आहेत. हा वारसा सांगण्याचा अधिकार वर्गातील मागच्या बाकावरच्या उत्तरपत्रिकेपाशी तपासला जाईल. ती उत्तरपत्रिका हाती घेणारा मराठीचा अध्यापक एकाच वेळी पाठचिकित्सक आणि टीकाकार असतो. समोरच्या वाक्यात कोणता पाठ दडला आहे हे त्याला शोधावयाचे असते, आणि अभ्यासक्रमातील संहितेचा पैस त्या वाक्याच्या कर्त्यापर्यंत वाढवावयाचा असतो. हे काम पूरक वर्गाचे किंवा उजळणीचे म्हणून बाजूला ठेवता येण्यासारखे नाही. मराठीत साहित्यविचाराची सुरुवातच या कामापासून झाली आहे.